पहिला कॅमेरा घ्यायचा आहे: केळीची बाग, हतनूरचे पक्षी आणि कानबाईची रात्र. बजेट ऐंशी हजार

केळीवाला_सावदा

राम राम मंडळी. मी सावद्याचा. घरची केळी आणि वडिलांचा खरेदीचा धंदा, त्यामुळे पहाटेपासून कुठल्या ना कुठल्या बागेत असतोच. आतापर्यंत सगळे फोटो मोबाइलवर काढले. घड कापताना, ट्रॅक्टरमध्ये भरताना, काट्यावर मोजताना. उन्हात बरे येतात, पण बागेत आत शिरलं की माणसांचे चेहरे हिरवट दिसतात आणि कुणी जरा हललं की फोटो पुसट. आता नीट शिकायचं ठरवलं आहे.

बागेतली माणसं आणि त्यांचं काम, हे माझं रोजचं. हिवाळ्यात हतनूर धरणाच्या पाण्यावर पक्षी येतात, ते काढायचे आहेत. आणि श्रावणात आमच्याकडे कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातली देवी, बसते. आजी आता थकली, पण त्या रात्री अजून गाणी म्हणते. तिचे त्या वेळचे फोटो मला हवेतच.

ऐंशी हजार जमवलेत. एक मित्र म्हणतो फुल फ्रेम बॉडी (मोठ्या सेन्सरचा नुसता कॅमेरा) घे, लेन्स मागून बघू. एका दुकानात कॅमेरा, दोन लेन्स, ट्रायपॉड, बॅग, फिल्टर असं सगळं एकत्र देतायत. आणि फैजपूरला एकाकडे निकॉन डी७५०० हा डीएसएलआर वापरलेला आहे, लांबचं जवळ आणणाऱ्या ७०-३०० एमएम लेन्ससकट. गोंधळलोय. काय करू?

शटर_धुळे

भाऊ, मिररलेसच घे, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) काढलेला नाही, नव्या लेन्स सगळ्या मिररलेसलाच येतायत. आणि ते सगळं एकत्र वालं पॅकेज राहू दे. त्यातला ट्रायपॉड वाऱ्यात उभा राहत नाही.

तापीकाठची_भुसावळ

भाऊ, लग्नाचे फोटो हा माझा पोटापाण्याचा धंदा आणि माहेर रावेर तालुक्यातलं, त्यामुळे केळीच्या बागेतला उजेड मला चांगला माहीत आहे. कॅमेऱ्याच्या आधी त्याबद्दलच बोलते.

चेहरे हिरवट येतात त्यात मोबाइलचा दोष नाही. बागेत येणारा उजेड पानांतून गाळून येतो आणि पानांवरूनच उसळतो, तो मुळात हिरवा असतो. नवा कॅमेरासुद्धा ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे पांढरा कुठला ते त्यालाच ठरवू दिलं तर, तिथे फसतो. त्याच सावलीत एखाद्या बाबांची पांढरी टोपी किंवा कोरा कागद धरायचा, त्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स सेट करायचा आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढायचे. रॉ फाइलचा रंग नंतर हवा तसा फिरवता येतो, जेपेगचा थोडाच. त्यासाठी डार्कटेबल नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. दुसरं म्हणजे जागा. घड खांद्यावर घेऊन माणसं बागेतून बांधावर येतात ना, तिथे उभा राहा. शेवटच्या ओळीतून बाहेर पडताना एका बाजूला मोकळं आभाळ असतं, चेहऱ्यावर पांढरा उजेड पडतो आणि मागे बाग गडद राहते. कुणाला काम थांबवून उभं करावं लागत नाही.

आता पुसट फोटोचं. हा प्रश्न बॉडीचा नाही, लेन्सचा आहे. किटबरोबरची, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणारी, लेन्स झूम केली की एफ ६.३ वर जाते; एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडं. एफ १.८ ची लेन्स तिच्या बारापट उजेड आत घेते. म्हणजे बागेत जिथे किट लेन्सला सेकंदाचा विसावा भाग लागेल, तिथे १.८ ला अडीचशेवा भाग पुरतो. विसाव्या भागात चालणारा माणूस पुसणारच, अडीचशेव्यात तो जागच्या जागी थांबतो. म्हणून फुल फ्रेम बॉडी आधी आणि लेन्स मागून, हा सल्ला तू अजिबात ऐकू नकोस. ऐंशी हजार बॉडीतच संपले तर उजेडासाठी काय उरेल?

माझं मत: कॅनन आर५० किंवा निकॉन झेड५०-२, आणि बरोबर एक उजळ फिक्स (झूम नसलेली) लेन्स. दोन्ही कॅमेरे डोळा ओळखून फोकस धरतात, पहिल्या कॅमेऱ्यात हे फार मोठं सुख आहे. आर५० बॅटरी-कार्ड धरून ३७५ ग्रॅमचा, दिवसभर गळ्यात जाणवत नाही. निकॉन जड, पण पकड खोल आहे आणि दोन डायल आहेत, शिकायला ते सोयीचं. दुकानात जाऊन दोन्ही हातात धर. तुझ्या बोटांना जो बसेल तो घे, यूट्यूबवरच्या माणसाच्या बोटांना बसतो तो नको. दोन्हींच्या बॉडीत फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा नाही, त्यामुळे उजळ लेन्स आणखीच गरजेची. कॅननची ५० एमएम एफ १.८ बागेत सुंदर चालेल, खोलीत मात्र पाठ भिंतीला लावून बसावं लागेल. खोलीसाठी ३० ते ३५ बरी. बिल पक्कं घे, त्यावर सिरियल नंबर आणि भारतातली वॉरंटी दोन्ही बघ.

कानबाईच्या रात्री फ्लॅश नको. बायका गात असताना तोंडावर लखलखाट झाला की गाणं तुटतं. छताकडे वळवून मारायचा म्हटलं तर धाब्याच्या घराचं लाकडी छत उजेड पिऊन टाकतं आणि परत देतं तो तपकिरी. दिवा आणि ट्यूबलाइट यांच्यावरच काम भागव, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत बिनधास्त ने. ट्यूब किंवा एलईडी असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेव. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. त्यापेक्षा वेगळ्या शटरवर, विशेषतः इलेक्ट्रॉनिक शटरला, फोटोत आडवे पट्टे पडतात.

बाकी सामानात एक जादा बॅटरी, दोन चांगली कार्डं, हवा मारायचा रबरी ब्लोअर. एरवी लेन्सपुढे यूव्ही फिल्टर लावायला मी कुणालाच सांगत नाही, हूड (लेन्सच्या तोंडाभोवतीचं आवरण) पुरतो. तुला मात्र सांगते. घड कापला की चीक उडतो, आणि केळीचा चीक कपड्यावरून जात नाही हे तुला मी काय सांगायचं. तो समोरच्या काचेवर नको. आणि मे महिन्यात कॅमेरा गाडीत ठेवून बागेत जाऊ नकोस. कंपन्या बहुतेक कॅमेरे ४० अंशांपर्यंत वापरा म्हणतात, आपल्याकडे सावलीतच त्याच्या वर असतं.

पाणपक्षी_वरणगाव

ताईंचं उजेडाचं सगळं पटलं, पण पक्षी राहूनच गेले. भो, हतनूरचं पाणी केवढं पसरलेलं आहे ते तू बघितलंच आहेस. ५० एमएमने थापट्या बदक काढलास तर फोटोत मोहरीएवढं दिसेल. डी७५०० चांगल्या अवस्थेत असेल तर मी तोच घेईन. २०१७ चं मॉडेल आहे, पण सेकंदाला आठ फोटो काढतो, ५१ फोकस पॉइंट, बॅटरी सकाळपासून दुपारपर्यंत हलत नाही. त्याचा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान, म्हणून ७०-३०० त्याच्यावर ४५० सारखी दिसते. आणि निकॉनची ३५ एमएम एफ १.८ डीएक्स लेन्स त्याच बॉडीला लागते, वापरलेली स्वस्तात मिळते. बाग, कानबाई, पक्षी, तिन्हीची सोय झाली आणि पैसे उरले.

४५० सुद्धा कमी पडेल, हे आधीच सांगतो. जवळ जाण्याच्या नादात थव्यावर चालून जाऊ नकोस. ते लांबून दमून आलेले असतात, आपण उठवले की त्यांचं खाणं मोडतं. उजाडायच्या आत काठावर जाऊन बस, सूर्य पाठीशी येईल अशी जागा धर, मळकट कपडे घाल आणि हलू नकोस. ऊन चढेपर्यंत तलवार बदकं, चांदवे आपणहून काठाकडे सरकतात. बसून काढ, उभा राहून नको. कॅमेरा पाण्याच्या जितका जवळ तितका पक्षी जिवंत दिसतो. उडता पक्षी असेल तर शटर १/१६०० च्या खाली आणू नकोस. दहाच्या पुढे पाण्यावरून गरम हवा थरथरते, मग कितीही महाग लेन्स असली तरी फोटो मऊच येतो. तेव्हा घरी जा.

तापीकाठची_भुसावळ

वरणगावच्या दादांचं म्हणणं खोटं नाही. मी मिररलेस सुचवला तो डोळ्यावरच्या फोकससाठी. पण पैशाचा हिशोब लावला तर जुन्या डी७५०० मध्ये तुझी तिन्ही कामं होतात, हे मान्य. अट एकच, वस्तू नीट तपासून घ्यायची.

लेन्स काढून हातात घे, मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका मार आणि पुढून आत बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे, ती लेन्स सोडून दे. धुळीचे दोनचार कण असतील तर चालतं. मग एफ १६ ला मोकळ्या आभाळाचा फोटो काढ आणि मोठा करून बघ. काळे ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ, साफ होते. ठिपका साफसफाईनंतरही जागचा हलला नाही तर ओरखडा समजायचा. काढलेला एक मूळ फोटो घरी आणून त्याची एक्झिफ (फाइलमध्येच नोंदलेली) माहिती उघड, निकॉनच्या फाइलमध्ये शटर किती वेळा पडलं तो आकडा असतो. स्टुडिओतला कॅमेरा असेल तर तो मोठा निघेल, त्यावर भाव पाड. मेनूत बॅटरी इन्फोमध्ये बॅटरीचं वय शून्य ते चार असं दिसतं, चार असेल तर नवीन बॅटरीचे पैसे कमी करून माग. आणि दिवसा उजेडी जा, रात्री दुकान बंद करायच्या घाईत नको.

केळीवाला_सावदा

ताई, दादा, खूप आभार. आज फैजपूरला जाऊन आलो. बॉडी चांगली आहे, सगळी बटणं चालतात, आभाळाच्या फोटोत दोन ठिपके होते ते ब्लोअरने गेले. बॅटरीचं वय एक. पण ७०-३०० मध्ये ताईंनी सांगितले तसे धागे दिसले, कडेला, अगदी स्पष्ट. तो माणूस भला आहे, म्हणाला लेन्स नको असेल तर नुसती बॉडी ने, तेवढे पैसे कमी दे. म्हणून बॉडी ठरवली. ३५ आता घेतो, ७०-३०० पक्षी यायच्या आत दिवाळीच्या सुमारास बघतो. ट्रायपॉड लगेच लागेल का?

पाणपक्षी_वरणगाव

आत्ता नको. काठावर धान्याची अर्धी भरलेली पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकव, मी तसंच करतो. ७०-३०० घेताना एएफ-पी (फोकसच्या मोटरचा प्रकार) आणि व्हीआर (हाताची थरथर सांभाळणारी यंत्रणा) दोन्ही अक्षरं बघून घे. व्हीआर नसलेलीही येते, ती हातात धरून चालत नाही.

तापीकाठची_भुसावळ

३५ आल्यापासून आजीला रोज संध्याकाळी ओट्यावर काढत जा, श्रावणापर्यंत थांबू नकोस. कॅमेरा समोर आला की म्हातारी माणसं पदर सावरून ताठ बसतात, ती सवय मोडायला वेळ लागतो. कॅमेऱ्याला क्वाएट शटर आहे, कानबाईच्या रात्री तो वापर. आणि त्या रात्री मोबाइल रेकॉर्डिंगला लावून आजीच्या जवळ उशीखाली न ठेवता उघडा ठेव, पंखा लांब असू दे. फोटोबरोबर गाणीही राहतील. दुसऱ्या दिवशी विसर्जनाला निघायच्या आत सगळं कार्डावरून कॉम्प्युटरवर आणि एका वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरव, दोन्हीकडे उघडून बघ, मगच कार्ड रिकामं कर.