अनुभव धागा: सेवेसाठी परदेशी शहरात राहिलात? प्रवचन सोडून बाकीचं सांगा

आमच्या मंडळीतलं एक तरुण जोडपं लवकरच सेवेसाठी केनियातल्या मोंबासाला निघालंय. निरोपाच्या उपासनेत आशीर्वाद भरपूर झाले, पण तिकडे पाणी कधी येतं, घरभाडं किती आगाऊ द्यावं लागतं, हे एकानेही सांगितलं नाही. म्हणून हा धागा. नाशिकहून बाहेर गेलेले पाळक, फादर, सिस्टर, त्यांच्या घरचे, किंवा उलट बाहेरून नाशिकला आलेल्यांचे शेजारी, सगळ्यांनी लिहा. साक्षी रविवारी ऐकूच.

मोंबासा

मी पाळकांची बायको, म्हणजे बिनपगारी सेवक. आम्ही न्याली पुलापलीकडे, फ्रेरेटाऊनजवळ राहायचो. नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्यांना हे नाव माहीत असायला हवं. चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूरला ख्रिस्ती वस्ती वसवली होती, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे लिहायला-वाचायला आणि हातचे कसब शिकली. १८७५ मध्ये त्याच सोसायटीने मोंबासाला फ्रेरेटाऊन वसवलं. शरणपूर उभं करणारे प्राइससाहेबच तिकडे मुख्य म्हणून गेले आणि नाशिकला शिकलेले कितीतरी जण तिथे स्थायिक झाले. १८७३ मध्ये आफ्रिकेत फिरलेले मिशनरी प्रवासी लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा त्यांच्या पार्थिवासोबत थेट इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइटही नाशिकचाच विद्यार्थी. मंडळीतल्या एका आजीबाईंना मी नाशिकची म्हटल्यावर त्यांनी माझा हात बराच वेळ सोडलाच नाही. घरमालकाला मात्र या इतिहासाचं काही नव्हतं, भाडं एक शिलिंग कमी झालं नाही.

रोजचं म्हणाल तर पाणी, पाणी आणि पाणी. नळाला आलं तर आलं. नाहीतर हातगाडीवाल्याकडून वीस लिटरचे कॅन घ्यायचे, आणि जिना चढवायचे पैसे वेगळे. बोअरचं पाणी मचूळ; त्यात डाळ शिजता शिजत नाही, शिट्ट्या मोजत बसा. व्यवहार सगळा एम-पेसावर. भाजीवालीही फोनवर पैसे घेते आणि उपासनेत दानाच्या वेळी लोक खिशातून मोबाईल काढतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, मेसेज बघताहेत!

एक गोष्ट मनात आहे ती लिहूनच टाकते. दर महिन्याला इकडच्या मंडळ्यांना प्रार्थनापत्र पाठवावं लागायचं. वाचणाऱ्यांना बाप्तिस्म्याचे आकडे हवे असतात. अख्खी सकाळ कॅनवाल्याची वाट पाहण्यात गेली, हे त्यात कुठे लिहायचं? पाठवणाऱ्यांनी कधीतरी 'घरात पाणी आहे का' एवढंच विचारावं.

रोम

वरच्या ताई अगदी बरोबर बोलल्या. आमचं पाणी म्हणजे राहण्याचा परवाना. अर्जाचं पाकीट पोस्टातून घ्यायचं, भरून पोस्टातच द्यायचं, मग पोलीस कचेरीत बोटांचे ठसे. कार्ड हातात येईपर्यंत पोस्टाची ती पावती हेच तुमचं अस्तित्व. मी ती जपमाळेच्या डबीत घडी करून ठेवायचे. मठात वेगवेगळ्या देशांच्या सिस्टर, स्वयंपाकाची पाळी ठरलेली. तिथे हरभऱ्याच्या डाळीचं पीठ सहज मिळतं, त्यामुळे माझ्या पाळीला पिठलं. हिरव्या मिरच्या एस्क्विलिनोच्या बाजारात, बांगलादेशी दुकानदारांकडे. आणि १५ ऑगस्टला मारियेच्या स्वर्गारोहणाचा सण, त्यात इटलीची मोठी सुट्टी, अर्धं शहर बंद. झेंडावंदनाची आठवण काढायला कोणी भारतीय सापडला तर नशीब.

कोलोन

फादर आहे, थोडक्यात लिहितो. जर्मनीत भारतीय फादर पुष्कळ आहेत, कारण तिथे नवीन फादर फारसे होतच नाहीत. एकेका फादरकडे अनेक चर्चेस. बाप्तिस्म्यांपेक्षा अंत्यविधी कितीतरी जास्त. नाशिक रोडला बाळ येशूच्या यात्रेत पाय ठेवायला जागा नसते, ते पाहून वाढलेल्या माणसाला तिथला रविवार सुरुवातीला पचनी पडत नाही. चर्चसाठी पावतीपुस्तक घेऊन फिरावं लागत नाही. आमच्या राज्यात आयकराच्या ९ टक्के चर्चकर सरकारच कापून देतं. तो वाचवायला लोक सरकारी कार्यालयात जाऊन सभासदत्व सोडतात. सोडलेल्यांपैकीच कोणी नंतर विचारतं, आईचा अंत्यविधी कराल ना? मी करतो.

नैरोबी, पण मुलीच्या बाजूने

आईबाबा मिशनरी, मी नाही. आमची 'रजा' म्हणजे मनमाड, मालेगाव, नगर अशी चर्चची फेरी. प्रत्येक ठिकाणी आम्हा भावंडांना पुढे उभं करून स्वाहिली गाणं म्हणायला लावायचे, मग चहा-बिस्किट, मग 'ती मक्याच्या पिठाची उगाली कशी लागते गं?' जाणाऱ्या जोडप्याला पुढे मुलं झाली तर एवढं करा, त्यांना गायचं आहे का ते आधी विचारा.

नाशिक, घरमालक

मी ख्रिस्ती नाही, तरी लिहितो. आमच्या वरच्या मजल्यावर मिशनरी व्हिसावर आलेलं परदेशी जोडपं भाड्याने होतं. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत सी फॉर्म, म्हणजे त्याची सरकारदरबारी नोंद, भरावा लागायचा, ते काम माझ्याकडे. सोसायटीत कुजबुज झाली: हे लोक इथे करतात काय, धर्मांतर तर नाही ना? माझ्या नजरेला पडलं ते असं की नवरा सकाळी मराठीचे धडे मोठ्याने वाचायचा, 'ळ' काही जमायचा नाही, आणि बायको मिसळीवरची तर्री चमच्याने बाजूला काढायची. व्हिसाची मुदत संपत आली की दोघांची झोप उडायची. शेवटी मुदत वाढली नाही. फ्रिज मला विकून गेले.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. मोंबासाच्या ताई, ही दोघं बॅगा भरताहेत. काय न्यावं?

मोंबासा

मसाले नेऊ नका, तिथल्या गुजराती दुकानांत सगळं मिळतं, महाग पडतं एवढंच. गोडा मसाला तेवढा घ्या. आणि कुकरच्या दोन जादा रिंगा, त्याच कंपनीच्या, त्याच मापाच्या.