बाबांना गुजराती पाटी रंगवायला कशी लावू? (बडोदे)

कुंचला_मिरज:
मिरजेहून बडोद्याला येऊन आम्हाला सात महिने झाले. आई, बाबा, मी आणि सातवीतला भाऊ. बाबांनी तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मीही त्यांच्याच हाताखाली ब्रश धरायला शिकले. फ्लेक्स आले आणि शेवटी शेवटी महिन्याला दोन पाट्याही मिळेनात. इथे काकांनी त्यांना मकरपुऱ्यात पॅकिंगच्या कामाला लावलं. आई डबे करते, मी रावपुऱ्यात लग्नपत्रिका कॉम्प्युटरवर जुळवते. घर चाललंय.

पण बाबांनी ब्रशांची पेटी उघडलेलीच नाही. परवा मांडवीजवळच्या एका कापडवाल्याने हाताने रंगवलेली पाटी मागितली, गुजरातीत. बाबा म्हणाले, "मी आधी रेघ ओढतो, मग तिला अक्षर येतं. ह्या लिपीला रेघच नाही, अक्षर टांगू कशाला?" मी एकटी ती पाटी करू शकेन. पण मला ती त्यांच्या हातची हवी आहे. काय करू?

दांडियाबाजार_काकू:
बाळ, त्यांना आधी तांबेकर वाड्यात घेऊन जा, रावपुऱ्यातच आहे. मराठी वाडा, आणि भिंतीभर एकोणिसाव्या शतकातली चित्रं: कृष्णलीला, महाभारत. आपल्या माणसांनी ह्या गावात भिंती रंगवून घेतल्या, हे त्यांना डोळ्यांनी बघू दे. पाटीचा विषय त्या दिवशी काढू नकोस.

पेंटर_इंदूर:
रेघ हवी ना, मग ओढू द्या. सुताला खडू लावून वर रेघ मारायची, अक्षरं तिलाच लटकवायची, रंग वाळला की ओल्या फडक्याने पुसायची. गुजरातीतले ग, न, म, प, त, र म्हणजे आपलीच अक्षरं, फक्त डोकं उघडं. क, ख, च, ज, झ, फ, ब मात्र वेगळी, ती शंभरदा गिरवावी लागतील. आणि रेघ नसल्यामुळे दोन अक्षरांमधली जागा फार उघडी पडते. पाटी तिथेच फसते. तीस वर्षांचा हात असलेल्या माणसाला ती जागा डोळ्यानेच कळेल, तुम्हाला इतक्यात नाही कळायची. हे त्यांना असंच सांगा, खरं आहे म्हणून सांगा.

कुंचला_मिरज:
काकू, रविवारी वाड्यात जाऊन आलो. बाबा एका भिंतीसमोर बराच वेळ उभे होते. बोलले एवढंच, "ह्याची बारीक रेघ बघ, हात कुठे थांबला कळतंय का?"

दादा, तुमचं सूत चाललं. भाऊ शाळेत गुजराती शिकतो, त्याच्या वहीतून बाबांनी क उतरवून घेतला, चार रात्री जुन्या पेपरवर गिरवला. ज अजून पोटात वाकडा येतो म्हणतात. काल पेटी उघडली. दोन ब्रश कडक झाले होते, ते टर्पेंटाइनमध्ये ठेवलेत. पत्र्याला पांढरा हात मी दिला. आज कामावरून आले की सूत धरायला भावाला बसवणार आहेत, मला म्हणाले, "तू लांबून बघ, मधली जागा सांग."

कापडवाल्याला मी शनिवार सांगितलाय.