उतरलेलं वजन परत का चढतं?

रंकाळा_फेरी:
रंकाळ्यावर सकाळी चालणाऱ्यांत हे कायम दिसतं. सहा महिन्यांत आठ-दहा किलो उतरतात, पुढच्या दोन वर्षांत बहुतेक परत येतात. "जिभेवर ताबा न्हाई" म्हणून विषय संपतो. शरीरात नेमकं होतं काय? आणि वजन उतरल्यावर काय सांभाळायचं?

आहारवही:
जिभेला दोष देणं अन्यायाचं आहे. मेलबर्नच्या २०११ च्या अभ्यासात ५० जणांना १० आठवडे अगदी कमी उष्मांकांवर ठेवलं होतं. वर्ष उलटल्यावरही चरबीचा साठा मेंदूला कळवणारं लेप्टिन कमी आणि भूक लावणारं घ्रेलिन जास्तच राहिलं.
२०१६ मध्ये अमेरिकी संशोधक केव्हिन हॉल यांच्या गटाने त्याचा हिशेब मांडला. मधुमेहींना लघवीतून साखर बाहेर टाकणारं औषध दिलं होतं, म्हणजे उष्मांक कमी होतायत हे त्यांना जाणवतच नव्हतं. तरी उतरलेल्या दर किलोमागे भूक दिवसाला सुमारे १०० कॅलरीने वाढली. शरीराचा खर्च किलोमागे २०-३० नेच घटतो. दहा किलो उतरले तर हजारभर कॅलरीची जादा भूक. खरा मार भुकेचा आहे, 'मंद चयापचया'चा कमी.
झुरिकच्या २०२४ च्या संशोधनात तर वजन उतरल्यावरही चरबीच्या पेशींत लठ्ठपणाच्या खुणा टिकलेल्या आढळल्या.

तालीम_पेठ:
भावा, नुसतं चालून आणि भाकरी अर्धी करून उतरवलं तर गेलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो, त्यात स्नायूही जातात. म्हणून आठवड्यातून दोनदा जोर-बैठका किंवा वजनं. प्रथिनं रोज किलोमागे १.२ ग्रॅम, म्हणजे ७० किलोला ८४. अंड्यात ६, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत २५. पातळ आमटीवर भागत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
झपाझप चालणं आठवड्याला ३०० मिनिटांपर्यंत न्यायचं. वजन ठरलेल्या वारी, सकाळी उपाशीपोटी. तांबड्या रश्श्याच्या दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दिसला तर ते मिठाने धरलेलं पाणी, घाबरू नका. दोन आठवडे दोन किलो वरच राहिले तर मात्र लगेच आहार आवळायचा. पाच किलो चढेपर्यंत थांबलं की फार जड जातं.

रंकाळा_फेरी:
आणि फेरीनंतर कट्ट्यावरचं म्हशीचं दूध?

आहारवही:
पाव लिटरला २५० च्या वर कॅलरी, प्रथिनं ९-१० ग्रॅम. प्यायचं तर नाश्त्याच्या हिशेबात धरा, वरून नको. आणि उकळूनच.