मामांची ३०० एमएम लेन्स, माझा डी५६०० आणि हातात न येणारे पक्षी

उजनीकाठचा:
मामांचा सांगलीला फोटो स्टुडिओ होता. ते गेल्यावर मामींनी चामड्याची एक उभी पेटी हातात ठेवली, म्हणाल्या, "तू पाखरांमागं हिंडतोस, तुलाच राहू दे." आत निकॉर ३०० एमएम एफ/४.५, एआय, म्हणजे निकॉनची जुन्या पद्धतीची लेन्स. फोकस हातानं. रिंगेवरच्या रबराला अजून डेव्हलपरचा वास येतो, निदान मला तरी येतो.

कॅमेरा निकॉन डी५६००. लेन्स खटकन बसली, पण उजेड मोजणारा मीटर बंद आणि एम (मॅन्युअल) सोडून कुठल्याच मोडला क्लिक होत नाही. गेल्या रविवारी भिगवणजवळ कुंभारगावला होडीत बसलो. नदी सुरयांच्या मागे रिंग फिरवून मनगट दुखलं. २१२ फोटो, कामाचे तीन, त्यातले दोन होडीवाल्या दादांचे. बगळ्यांच्या कडेला जांभळी रेघ येते ती वेगळीच.

शिवाय टॉर्च मारून बघितलं तर पुढच्या काचेमागे कोळ्याच्या जाळ्यासारखे दोन-तीन तंतू दिसतात. काय करू? विकून टाकू?

कवड्या_खंड्या:
मीटर विसरा. भर उन्हात आयएसओ ४०० ला लेन्सचं छिद्र एफ/१६ वर आणि शटर १/४०० सेकंद हे फिल्मवाल्यांचं जुनं गणित. म्हणजे एफ/८ ला १/१६००, एफ/५.६ ला १/३२००. बगळा, रोहित (फ्लेमिंगो) असे पांढरे पक्षी असतील तर आणखी एक स्टॉप कमी करा, म्हणजे उजेड निम्मा, नाहीतर पिसं धुऊन निघतात. एक फोटो काढायचा, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघायचा, मग ऊन बदलेपर्यंत हात लावायचा नाही.

पुढेमागे बॉडी बदललीत तर डी७२०० बघा. लेन्सची माहिती एकदा भरली की त्यात मीटर चालतो. डी७५०० नको, नंबर मोठा असला तरी त्यात एआय लेन्सची रिंग ओळखणारी खिटीच काढून टाकली आहे.

बाभूळबन:
मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घ्या हो. निकॉनच्या माउंटपासून (लेन्स अडकते त्या कडीपासून) सेन्सर ४६.५ मिमीवर, सोनी ई माउंटला १८. मधे २८.५ मिमीची पोकळ नळी बसते, काच नाही, काही नाही. फोकस झालेल्या कडा पडद्यावर रंगवून दाखवतो. डोळ्यांना तेवढाच आराम.

माळरानातली_मावशी:
विकू नका. ही लेन्स मी सात वर्षं वापरली, त्यातली पहिली दोन तुमच्यासारखीच वाया घालवली. चूक लेन्सची नाही, पक्षी चुकीचा निवडलात. सुरय उडताना या रिंगेनं पकडणं म्हणजे बैलगाडीनं एसटी गाठणं. वेडा राघू धरा. तो माशी पकडायला झेपावतो आणि पुन्हा त्याच तारेवर येऊन बसतो, ती आपटून आपटून खातो. तो नसताना तारेवर फोकस करून ठेवायचा. व्ह्यूफाइंडरमधला फोकस झाल्याचा हिरवा ठिपका मीटर नसला तरी लागतो, पण मी त्याच्यावर पूर्ण विसंबत नाही. लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर) झूम करून तारेचा काटा बघते. मग रिंगेला हात नाही.

सहा मीटरवर एफ/५.६ ला फोकसची खोली जेमतेम ९ सेंटीमीटर मिळते आणि राघू असतो वीतभर. म्हणून तो आडवा बसेल अशी जागा घ्या. जांभळी रेघ एफ/४.५ ला जास्त दिसते, एफ/५.६-८ ला बरीच कमी होते. या लेन्समध्ये ईडी काच (अशा रंगीत कडा कमी करणारी) नाही, तेव्हा आभाळाविरुद्धचा पांढरा पक्षी टाळलेलाच बरा.

होडीत ट्रायपॉड कुचकामी, होडीबरोबर तोही डुलतो. मी जुन्या उशीच्या अभ्र्यात दोन किलो ज्वारी शिवून घेतली आहे, ती काठावर टाकते आणि वर लेन्स. (एकदा भिजली आणि चौथ्या दिवशी मोड आले.)

आता ते काचेमागचे तंतू, म्हणजे बुरशी. दोन-तीन तंतूंनी फोटो बिघडत नाही, फार तर उजेडाच्या दिशेनं काढताना थोडा फिका पडेल. स्वतः उघडू नका. खरा दोष त्या पेटीचा, चामडं ओल धरून ठेवतं. लेन्स झाकणबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, बाकीच्या लेन्सपासून लांब. तांदळाच्या डब्यात अजिबात नको, रिंगेत पीठ जातं.

उजनीकाठचा:
मावशी, नमस्कार. काल आमच्या उसाच्या बांधावर काटेरी तारेसमोर पोतं टाकून बसलो. पाऊण तास राघू आलाच नाही, टिटवीनं मात्र सगळ्या शिवाराला माझी खबर दिली. नंतर आला तो थेट मी फोकस केलेल्या काट्याच्या शेजारी. चोचीत गांधीलमाशी. तीनदा तारेवर आपटली, दोनदा चोचीतच फिरवून घेतली, मग गिळली. ४० फोटोंत सहा असे आलेत की डोळ्याचं तांबडं बुबुळ आणि माशीचा पंख दोन्ही स्वच्छ. एफ/५.६, १/२०००, आयएसओ ४००. तेव्हा पातळ ढग होता.

लेन्स आता लोणच्याच्या रिकाम्या बरणीत आहे, सिलिका जेलसकट. सोडा घालून चारदा धुतली आहे, घाबरू नका.

त्यातला एक फोटो मामींना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "छान. पेटी कुठं ठेवलीस?"