शेक टेबलवर ४ इंची लूप: एल्बो मोडत नाही, मग फेल कधी म्हणायचं?

लूप_४इंच:
भूकंपासारखे धक्के देणाऱ्या टेबलवर पाइपचा लूप तपासतोय: शेड्यूल ४० (भिंतीच्या जाडीचा वर्ग) कार्बन स्टील, लांब त्रिज्येचे दोन एल्बो (वाकडे जोड), आत पाणी, दाब १२ मेगापास्कल. हिशोबाने लेव्हल डीची (पाइपिंग कोडमधली, सगळ्यात टोकाच्या भारासाठीची) मर्यादा केव्हाच ओलांडली, तरी लूप उभाच. फेल कशाला धरायचं? स्ट्रेन गेज (धातू किती ताणला ते मोजणाऱ्या पट्ट्या) सध्या एल्बोच्या बाहेरच्या वाकावर आहेत.

फ्लँक:
कोसळण्याची वाट बघू नका. धक्का उलटसुलट असतो, पाइप एका बाजूला पडण्याआधीच बल फिरतं. १९८० च्या दशकात ईपीआरआय (अमेरिकेतली वीज संशोधन संस्था) आणि एनआरसीने (तिथली अणुऊर्जा नियामक संस्था) एल्बो, टी वगैरे हलवून पाहिले, तेव्हाही हेच निघालं: जोड जातो तो फटीग (पुन्हापुन्हा ताण येऊन भेग पडणं) आणि रॅचेटिंगने (दर आवर्तनाला थोडी थोडी साठणारी कायमची विकृती).

तुमच्या एल्बोत नुसत्या दाबाने परिघाच्या दिशेने सुमारे ११४ मेगापास्कल ताण कायमचा बसलाय. त्यावर वाकण्याचा ताण मागेपुढे होतो. दर आवर्तनाला एल्बो किंचित फुगतो आणि पूर्ववत होत नाही.

गेजची जागा चुकलीय. एल्बो स्वतःच्या पातळीत वाकला की त्याचा छेद लंबगोल होतो (कोडमधला वाकण्याच्या ताणाचा बी-२ गुणांक २.८ येतो तो त्यामुळेच) आणि सगळ्यात जास्त मार आतल्या व बाहेरच्या वाकाच्या मधोमध, फ्लँकवर बसतो. गेज तिथे, परिघाच्या दिशेने लावा. भेग पाइपच्या लांबीला समांतर असते आणि बहुधा आतून सुरू होते. बाहेर पाण्याची बारीक चिळकांडी उडाली, की फेल.

लूप_४इंच:
दर रननंतर दाब १२ वरून ८ वर येतो. ती गळतीच का?

हातपंप:
बाहेर कोरडं असेल तर बहुतेक नाही. व्हॉल्व्ह बंद करून ठेवलं की एल्बो जरासा फुगला तरी दाब धाडकन पडतो, कारण पाणी जवळजवळ प्रसरण पावतच नाही. मग रॅचेटिंगही मंदावतं आणि निकाल फुकटचा चांगला येतो! नायट्रोजनचा अ‍ॅक्युम्युलेटर (दाब टिकवणारी वायूची टाकी) जोडा. त्याआधी सगळ्यात उंच जागेवरून हवा काढा.

एल्बोवर पंचने खुणा करून दर रननंतर व्यास मोजा. दोन रनच्या मध्ये ०.१ जीचा (गुरुत्वत्वरणाच्या दहाव्या हिश्शाचा) हलका रँडम रन घ्या. लूपची नैसर्गिक फ्रीक्वेन्सी घसरलेली दिसली तर आधी यू-बोल्ट तपासा. भेगेपेक्षा ढिला नट जास्त वेळा सापडतो.

स्नबर:
डॅम्पिंगही (कंप शमण्याचं प्रमाण) बघा. २ टक्के धरलंत तर हिशोबाचा ताण फुगतो. एनआरसीच्या २००७ च्या सुधारित मार्गदर्शिकेत एसएसईसाठी (डिझाइनमध्ये धरलेला सगळ्यात मोठा भूकंप) ४ टक्के आहे, आणि एल्बो प्लॅस्टिक झाला की खरं डॅम्पिंग त्याच्याही वर जातं.

एक गोष्ट मात्र या टेबलवर दिसणारच नाही. २००७ च्या भूकंपात जपानच्या काशिवाझाकी-कारिवा अणुवीज केंद्रात युनिट १ च्या पायाला ६८० गाल (त्वरणाचं एकक) बसले, डिझाइन होतं २७३. सुरक्षेच्या पाइपिंगला मोठी इजा दिसली नाही, पण जमीन खचून बाहेरचे अग्निशमनाचे पाइप तुटले आणि पाणी तळघरात शिरलं. तुमची दोन्ही टोकं एकाच टेबलवर आहेत, म्हणजे त्यांच्यातलं सापेक्ष सरकणं शून्य. एक टोक वेगळ्या अ‍ॅक्च्युएटरवर (हलवणाऱ्या यंत्रावर) घ्या.