रशियन तेलाचे पैसे रुपयांत का भागत नाहीत?

हिशेबी_माणूस: जुलै 2022मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपयांत आयात-निर्यातीची सोय केली. रशियाला डॉलरची दारं जवळजवळ बंद. तरी तेलाचे पैसे अमिरातीच्या दिर्हाम नाहीतर चीनच्या युआनमध्ये जातात. नक्की घोडं कुठे अडतं?

खतावणी: सोय ठीक आहे, ताळा जमत नाही. रशियन बँक भारतीय बँकेत विशेष रुपया व्होस्ट्रो खातं उघडते. बिल रुपयांत बनतं, आयातदाराची बँक त्या खात्यात रुपये भरते आणि रशियाला माल पाठवणाऱ्या आपल्या निर्यातदाराला त्याच खात्यातून पैसे मिळतात. जमा आणि खर्च साधारण जुळले तरच खातं फिरतं राहतं.

2024-25मध्ये रशियाकडून आयात सुमारे 63.8 अब्ज डॉलरची, रशियाला निर्यात 4.9 अब्जांची. सगळं रुपयांत केलं तर 13 रुपये आत आले की जेमतेम 1 बाहेर जाणार. उरलेल्या 12चं रशियाने काय करायचं? भांडवली खात्यावर रुपया पूर्ण परिवर्तनीय नाही, म्हणजे तो हवा तसा दुसऱ्या चलनात बदलता येत नाही, आणि चिनी कारखानदार तो घेत नाही. मे 2023मध्ये शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठी गोव्यात आलेले रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह हेच बोलले: भारतीय बँकांत अब्जावधी रुपये पडून आहेत, ते वापरायचे तर दुसऱ्या चलनात बदलावे लागतील.

टोपणनाव_नाही: पण इराणच्या तेलाच्या वेळी, 2012मध्ये, युको बँकेतून रुपयांत चाललं होतं की!

खतावणी: तिथे रुपयांत 45 टक्केच जायचे आणि इराण आपला बासमती, चहा उचलायचा. रशियाने एवढ्या अब्जांचं आपल्याकडून घ्यावं असं आहे काय? साचलेले रुपये सरकारी रोख्यांत गुंतवायची मुभा आहे, ऑगस्ट 2025मध्ये ती आणखी सैल झाली. पण युद्धात उतरलेल्या देशाला यंत्रांचे सुटे भाग हवेत, रोखे नकोत.

बंदरावरचा: दिर्हाम डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे, त्यामुळे दराचा धोका कमी. पण तीही वाट निर्धोक नाही. 5 डिसेंबर 2022पासून श्रीमंत देशांच्या जी-7 गटाने रशियन कच्च्या तेलाला पिंपामागे 60 डॉलरची मर्यादा घातली; युरोपीय संघ आणि ब्रिटनने ती सप्टेंबर 2025पासून आणखी खाली आणली. मर्यादेहून महाग तेलाला पाश्चात्त्य जहाज किंवा विमा मिळत नाही. भारत ही मर्यादा मानत नाही, पण जगातल्या सुमारे 90 टक्के जहाजक्षमतेचा दायित्व विमा जहाजमालकांच्या ज्या विमा क्लबांकडे आहे, त्यांना ती पाळावी लागते.

गोंधळ होतो तो बिलात. भारतीय बंदरापर्यंत पोहोचवून दिलेल्या दरात भाडं आणि विमा धरलेला असतो. मर्यादा मात्र चढवणीच्या बंदरावरच्या दराला. मूळ दर, भाडं, विमा वेगळे दाखवले नाहीत तर बँक पैसे रोखून धरते. सोबत जहाजाचा आयएमओ क्रमांक, म्हणजे त्याचा कायमचा ओळख क्रमांक, पाहा. नाव आणि ध्वज बदलतात, तो बदलत नाही.

डिसेंबर 2023च्या अमेरिकी आदेशानंतर रशियाच्या युद्धसामग्रीच्या व्यवहारांना हात लावणाऱ्या परदेशी बँकांवरच निर्बंध येऊ शकतात, म्हणून कागद जास्तच तपासले जातात. ऑक्टोबर 2025मध्ये रोझनेफ्ट आणि लुकऑइल या रशियन तेल कंपन्या अमेरिकेच्या निर्बंध यादीत गेल्या. तेव्हापासून दराआधी विक्रेत्याचं नाव आणि त्यामागची मालकी बघायची. यादीतल्या कंपनीचा 50 टक्के किंवा जास्त हिस्सा असलेली उपकंपनीही त्यातच धरली जाते, मग तेल 40 डॉलरला मिळो.