ड्वार्फ हॅमस्टर: खर्च आणि देखभाल, ग्वाल्हेरकरांचा अनुभव धागा

नयाबाजारकर
परीक्षा संपल्या की घरोघरी मुलांचा ड्वार्फ, म्हणजे बुटक्या जातीच्या, उंदरासारख्या हॅमस्टरसाठी हट्ट सुरू होतो. दुकानात जोडी, पिंजरा, एवढंसं चाक आणि दाण्याची पुडी असा सगळा संच दीड-दोन हजारांत पुढ्यात येतो आणि वाटतं, झालं काम. प्रत्यक्षात त्यातलं जनावर सोडून बाकी सगळं बदलावं लागतं. ज्यांनी पाळलेत त्यांनी नेमकं लिहा: काय घ्यायचं, किती लागतं, काय बिघडतं आणि का. गोंडस फोटो नकोत. आणि आपल्या गावची हवा धरून लिहा. पुण्या-बंगळुरूचे सल्ले मे महिन्यात आपल्या लष्कर भागात चालत नाहीत.

दौलतगंजवाला
आधी काय घेताय ते ओळखा. दुकानात सगळ्यांना सरसकट ‘रशियन’ म्हणतात. त्यात कॅम्पबेल, विंटर व्हाइट आणि बहुतेक वेळा या दोघांचा संकर असतो. पाठीवर गडद पट्टा, वजन ३० ते ५० ग्रॅम. पट्टा नाही, भुवया पांढऱ्या आणि अंग २०-२५ ग्रॅमचं असेल तर रोबोरोव्हस्की. रोबो हातात बसत नाही, तो बघायचा प्राणी आहे. लहान मुलांसाठी घेत असाल तर हे आधीच सांगून ठेवा. आयुष्य साधारण दीड ते दोन वर्षं, रोबोचं थोडं जास्त.

जोडी घेऊ नका. दुकानदार म्हणेल एकटा उदास होतो. होत नाही. मोठे झाले की भांडतात, आणि भांडण रात्री होतं; सकाळी एकाचा कान फाटलेला किंवा त्याहून वाईट. नर-मादी असतील तर हिशोबच संपला: गर्भ १८ ते २१ दिवसांचा, आणि व्यायल्यावर त्याच दिवशी मादी पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लं महिन्या-सव्वा महिन्यात स्वतः वयात येतात. नर-मादी ओळखायला शेपटीखालची दोन छिद्रं बघा. अंतर जास्त तर नर, अगदी जवळजवळ तर मादी.

घेताना डोळे स्वच्छ, शेपटीकडचा भाग कोरडा, श्वासाला टकटक आवाज नाही, एवढं बघा आणि पावती मागा. २०१८च्या नियमांप्रमाणे पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. विचारायला लाजू नका.

जाळी-पत्रा, हजीरा
पिंजऱ्याबद्दल मी लिहितो. दुकानातला रंगीत, दोन मजली, नळ्यांचा पिंजरा घेऊ नका. तळ लहान असतो आणि गजांत बऱ्याचदा एक सेंटिमीटरची फट. ड्वार्फचं डोकं जिथून जातं तिथून पूर्ण हॅमस्टर जातो. फट ७ मिलिमीटरच्या आत हवी.

तळ किमान १०० × ५० सेंटिमीटर धरा. दोन रस्ते आहेत. पहिला, गाद्या-रजया ठेवतात तसला पारदर्शक प्लास्टिकचा मोठा डबा. झाकणाचा मधला भाग कापायचा, कडा पॉलिश पेपरने घासायच्या, त्यावर पाव इंची वेल्डेड जाळी ठेवून वॉशर लावून नट-बोल्टने आवळायची. डास अडवायची प्लास्टिक जाळी लावू नका, एका रात्रीत कुरतडतो. नुसत्या झाकणावर भागत नाही. एका लांब बाजूलाही जाळीची खिडकी कापा, नाहीतर मुताचा अमोनिया तळाशी साचून राहतो. खिडकी भरावाच्या (तळाला अंथरायच्या कागद-गवताच्या) पातळीच्या वर काढायची. दुसरा रस्ता, सुताराकडून ४ × २ फुटांची पेटी, पुढे काच. आतून पाण्यावर चालणारं वॉर्निश द्या आणि वास पूर्ण जाईपर्यंत रिकामी ठेवा. डब्याचं काम जाळीसकट साधारण दोन-अडीच हजारांत होतं. पेटी त्याच्या दुप्पट तरी.

चाक: ड्वार्फला २० सेंटिमीटर व्यासाचं, पळायची पट्टी सलग. संचातलं चाक १२-१४ सेंटिमीटरचं असतं. त्यात पळताना पाठ उलटी वाकते आणि गजांच्या चाकात पाय अडकून मोडतो. ६०० ते १,२०० रुपये लागतात. इथे काटकसर करू नका.

आता जे कोणी सांगत नाही ते. भराव १५-२० सेंटिमीटर खोल लागतो, कारण हा प्राणी बिळात राहणारा आहे. १०० × ५० × २० म्हणजे बरोबर १०० लिटर. कागदी भरावाच्या छोट्या पाकिटांनी हे भरायला गेलात तर पिंजऱ्याएवढाच खर्च येईल. म्हणून निम्मा विकतचा कागदी भराव, बाकी कोरा वर्तमानपत्री कागद किंवा साधा पुठ्ठा पट्ट्या करून, आणि मधे कोरड्या गवताचा थर. गवताने बीळ ढासळत नाही. सुताराकडचा फुकट भुसा नको, त्यात प्लायचा डिंक आणि बारीक धूळ असते. देवदार आणि कच्च्या पाइनचा भुसाही नको, त्याच्या वासातली द्रव्यं श्वासाला बाधतात. कापूस तर अजिबात नको, धागा पायाला गुंडाळला जातो आणि गिळला तर आतडं अडतं. घरट्याला बिनवासाचा टिश्यू फाडून द्या, तो स्वतः आत ओढून नेतो.

चाक, दगड, मातीची भांडी भरावावर ठेवू नका. खालून खणत गेला की वरची वस्तू अंगावर बसते. चार पायांचा लाकडी पाट तळावर टेकवा आणि जड सामान त्यावर.

सराफ्यातली वहिनी
साफसफाईचं मी पुरं करते. सगळा भराव एकदम बदलू नये. स्वतःचा वास गेला की बिथरतो आणि मग गज चावत बसतो. ओला कोपरा रोज चमच्याने काढा, महिन्या-दीड महिन्याने एक तृतीयांश बदला. वाळूचं भांडं ठेवलंत तर बहुतेक जण तिथेच मुततात, काम अर्धं होतं. बांधकामाची नदीची वाळू चालते, पण सिमेंटच्या ढिगाजवळची नको. धुवून, वाळवून, पिठाच्या चाळणीने बारीक धूळ काढून, लोखंडी कढईत वीस-पंचवीस मिनिटं भाजायची आणि पूर्ण गार करून ३-४ सेंटिमीटर थर द्यायचा. दुकानातली टाल्कसारखी ‘बाथ पावडर’ फुफ्फुसात जाते, घेऊ नका. आणि आंघोळ म्हणजे फक्त वाळूची. पाण्याने धुवायचा नाही, कितीही माखला तरी.

दाल बाजार
खाणं घरी मिसळलं तर स्वस्त आणि चांगलं. एक किलोचं प्रमाण:

राळे २५० ग्रॅम, बाजरी २००, ज्वारी १५०, बिनसाखरेचे ओट्स १५०, गहू १००, राजगिरा ५०, जवस ५०, भोपळ्याच्या बिया ५०.

हे सगळं किराण्याच्या दुकानातून घ्या, बियाणांच्या दुकानातून नाही. पेरणीच्या बियाणाला औषध चोळलेलं असतं, बहुतेक वेळा गुलाबी-लाल रंग दिसतो. तो दाणा विषारी आहे. आणल्यावर चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे पोरकिडे होत नाहीत. रोज एक सपाट चहाचा चमचा, साधारण ५ ग्रॅम. म्हणजे किलोभर सहा महिने पुरतो. वाटीत देऊ नका, भरावावर विखरा. शोधून खाण्यात त्याची रात्र जाते. ‘वाटी रिकामी झाली, भूक लागली असेल’ असं समजू नका. गालात भरून बिळात साठवतो.

प्रथिनं वेगळी लागतात: आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, वाटाण्याएवढा. शाकाहारी घर असेल तर बिनमिठाचं ताजं पनीर तेवढंच. सूर्यफूल आणि शेंगदाणा आठवड्यात एक-दोन दाणे, हाताळायची सवय लावताना लाच म्हणून. भाजी नखाएवढी: काकडी, कोथिंबीर, ब्रोकोली. उन्हाळ्यात दोन तासांत उरलेली काढा. कांदा, लसूण, लिंबू-संत्रं, कच्चा बटाटा, कच्चा राजमा, चॉकलेट, तळलेलं बंद. आणि प्रसादाचा पेढासुद्धा.

नयाबाजारकर
फळाचं काय? मुलं केळं, सफरचंद देतात.

दाल बाजार
काका, कॅम्पबेल आणि संकर असेल तर देऊच नका. त्यांना मधुमेह पटकन होतो, गूळ-मधाच्या कांड्याही त्यासाठीच वाईट. ओळखायचं असं: ड्वार्फ दिवसाला ४-५ मिलिलिटर पाणी पितो. त्याच्या पाण्याच्या बाटलीला (नळीच्या तोंडाशी गोळी असते ती) कागदी टेप लावून रोज रात्री पेनाने रेघ मारा. उन्हाळा नसताना रेषा दुप्पट वेगाने खाली जायला लागली, वाळू सारखी ओली, खाणं तेवढंच आणि वजन उतरतंय, तर डॉक्टर गाठा. बाटलीची गोळी अडकते हेही त्या रेघेवरूनच कळतं. पाणी अजिबात कमी झालं नाही म्हणजे तो पीत नाही असं नाही, नळी बंद असेल. रोज बोटाने गोळी दाबून बघा.

थाटीपूर दुसरा मजला
ग्वाल्हेरात खरा खर्च उन्हाळ्याचा. या प्राण्यांचा मूळ मुलुख सायबेरिया, कझाकस्तान, मंगोलिया. तिथे दुपारी ते जमिनीखाली असतात. आपल्याकडे पारा ४५च्या वर आणि डब्यात खाली जायला जमीन नाही. त्यांना १८ ते २४ अंश बरं. ३० ओलांडलं की काळजी सुरू. खोलीचा नाही, डब्यातला पारा बघा. दोनशे-तीनशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर आत, भरावाच्या पातळीला. काचेच्या ॲक्वेरियममध्ये आत-बाहेर बराच फरक पडतो.

गच्चीखालची खोली बाद. सगळ्यात खालची, उत्तरेची खोली निवडा. कूलर मे-जूनच्या कोरड्या लूमध्ये छान चालतो, पण झोत डब्यावर नको आणि खिडकी उघडी हवी. पाऊस सुरू झाला की कूलर बंद करा: हवा आधीच दमट, त्यात भर पडली की भरावाला बुरशी आणि त्याला सर्दी. जुलैत पंखा किंवा एसी, आणि बिळातला साठा आठवड्याला तपासणं.

लाईट गेल्यावर: अर्ध्या लिटरची गोठवलेली बाटली पंच्यात गुंडाळून डब्याच्या एका बाजूला बाहेरून टेकवा. एकाच बाजूला, म्हणजे त्याला नको तेव्हा लांब जाता येतं. आत ग्वाल्हेरी दगडाची वीतभर लादी ठेवा, दोन घेतल्यात तर एक फ्रिजमध्ये, एक डब्यात. झिलई नसलेला छोटा कुल्हड आडवा ठेवला तर तोही थंड राहतो. भिजवून ठेवू नका, भराव ओला होतो.

लू लागल्याची खूण: अंग पसरून पडलेला, भरभर श्वास, तोंडाशी लाळ, उचललं तर लुळा. थंड खोलीत न्या, साध्या पाण्याने ओला केलेला कपडा पाय आणि कानांना लावा. बर्फाचं पाणी नको, धक्का बसतो. ओठाला पाण्याचा थेंब लावा, तोंडात ओतू नका. नंतर डॉक्टर.

मुरार
थंडीचंही लिहायला हवं, कारण जानेवारीत इथे पारा ४-५ वर येतो आणि त्या आठवड्यात कितीतरी जिवंत हॅमस्टर पुरले जात असतील. १० अंशांच्या खाली, किंवा अंधाऱ्या खोलीत खाणं कमी पडलं, की तो गुंगीत जातो. अंग गार, गोळा झालेलं, श्वास मिनिटाला मोजकेच. मेलेला वाटतो. मिशा हलतात का बघा, नाकासमोर थंड चमचा धरा, वाफ येते का बघा. मेलेला कडक होतो; हा गार असला तरी पाय हळूच ओढला तर वाकतो. खात्री नसेल तर जिवंत धरूनच चाला.

ऊब हळूहळू द्यायची. आधी तळहातांत, मग कपड्यात गुंडाळून कोमट पाण्याच्या बाटलीशेजारी. अर्धा ते एक तास, कधी जास्त. हीटरसमोर धरू नका, शेगडी तर खोलीतच नको, त्या धुराने माणसंही जातात. हलायला लागला की पाणी आणि दाणे. टाळायला भराव आणखी ५ सेंटिमीटर वाढवा, घरट्याला टिश्यू भरपूर, डब्याला तीन बाजूंनी रजई, वरची जाळी उघडी. खोलीत दिवा दिवसाचे बारा तास तरी. उजेड कमी झाला की शरीर हिवाळ्याच्या तयारीला लागतं.

मेडिकलवाला, हजीरा
एकच गोष्ट, पण जिवावरची. घरातलं अँटिबायोटिक देऊ नका. ॲमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन यांनी हॅमस्टरच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात, घातक जंतू वाढतात आणि जुलाबाने तो जातो. आपल्याकडे बहुतेक पशुवैद्य गाय-म्हैस आणि कुत्री बघतात. नम्रपणे आधीच सांगा, ‘डॉक्टरसाहेब, हा हॅमस्टर आहे, पेनिसिलिन गटातलं चालत नाही.’ वजन ग्रॅममध्ये लिहून न्या, मात्रा त्यावर ठरते. त्यासाठी स्वयंपाकघरातला ३००-४०० रुपयांचा डिजिटल काटा आणा. दर रविवारी वजन. दहावा हिस्सा उतरलं तर थांबू नका. खरजेवर कुत्र्याची गोचीड-पावडर चोळू नका. हॅमस्टर घ्यायच्या आधीच दोन-तीन दवाखान्यांत फोन करून बघतात का ते विचारा.

सराफ्यातली वहिनी
हिशोब मांडते, भाव दुकानागणिक बदलतील. सुरुवातीला: हॅमस्टर ४००-८००, डबा-जाळी २,५००, चाक ८००, भराव १,५००, पाण्याची बाटली, थर्मामीटर, काटा आणि इतर सामान १,०००. म्हणजे सहा-सात हजार. महिन्याला भराव आणि दाणे मिळून ३०० ते ४००. डॉक्टरसाठी दोन हजार बाजूला ठेवलेले. एसीचं बिल यात धरलेलं नाही, ते ज्याचं त्याने बघावं.

दौलतगंजवाला
लग्नाला चार दिवस पुण्याला जायचं असेल तर?

जाळी-पत्रा, हजीरा
हिवाळ्यात दोन दिवस एकटा राहतो. दोन बाटल्या लावायच्या, एक अडकली तर दुसरी. भाजी ठेवायची नाही. त्याहून जास्त असेल, किंवा मार्च ते जून असेल, तर डबा शेजारी द्या आणि थर्मामीटरवर ३० च्या आकड्याशी लाल टेप लावून द्या. मुंग्यांसाठी डबा स्टुलावर, स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. मुंग्यांचा खडू जवळपास ओढू नका, ते कीटकनाशक आहे, हे शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा.